समुद्र किनारा का खातो?

मंडळी, आमचे गाव समुद्राकाठी आहे. पश्चिमेला पुळण, पुळणीच्या मागे माडांची रांग, आणि माडांच्या मागे घरे. याच गावच्या शाळेत मी पुष्कळ वर्षे मास्तर होतो. पुढे हेडमास्तर झालो आणि तेथेच निवृत्त झालो.

एका वर्षी आषाढात मोठे उधाण आले. एका रात्रीत तीन माड आडवे झाले. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गावर मी भूगोल शिकवीत होतो. एक मुलगा उभा राहिला. पडलेले माड त्याच्याच घरचे होते. त्याने विचारले, "गुरुजी, दर्याक भूक लागता काय?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "अरे, समुद्र कोपला, दुसरं काय!"

मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते. थोड्या वेळाने तो पुन्हा उठला. "कोणावर कोपलो? आमी काय केला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोकणचा किनारा ७२० किलोमीटर लांब, असे मी दरसाल मुलांकडून घोकून घेत असे. पण आपल्या दारातली पुळण आली कुठून आणि चालली कुठे, हे मला ठाऊक नव्हते. मला लाज वाटली. मग मी गावातल्या जुन्या रापणकरांना विचारले, पुस्तके आणून वाचली, आणि पुढे मुलांबरोबर स्वतः पाहिले. जे समजले ते येथे लिहितो. तुम्ही वाचा, आणि घरातल्या मुलांना सांगा.

वाळू एका जागी राहत नाही

पहिली गोष्ट ही की पुळण म्हणजे काही कायमची जमीन नव्हे. शेतातली माती आज आहे तेथे उद्याही असते. पुळणीची वाळू मात्र रोज हलते. लाट येते तेव्हा थोडी वाळू वर आणते. लाट परतते तेव्हा थोडी वाळू खाली नेते. दिवसभर हे आणणे आणि नेणे चालूच असते.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीमुळे हे होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत पडते, म्हणून त्या सुमारास पाणी जास्त चढते. त्याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात. मच्छीमारांना हे सांगायला नको.

आता पावसाळ्याचे पाहा. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटतो. लाटा उंच होतात आणि एकीमागून एक आदळतात. त्या जितकी वाळू आणतात त्याहून जास्त ओढून नेतात. पुळण अरुंद होते. पण ही वाळू फार दूर जात नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा तयार होतो. मोठी लाट या उंचवट्यावर येऊन फुटते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. म्हणजे पुळण आपली वाळू पुढे पाठवते आणि त्याच वाळूच्या आडोशाने मागचा किनारा सांभाळते.

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, की लाटा हळूहळू शांत होतात. शांत लाट वाळू ओढत नाही, ढकलत आणते. दिवाळीपासून पुढे पुळण पुन्हा भरू लागते. वैशाखापर्यंत ती चांगली रुंद होते.

म्हणून मुलांना पहिल्यांदा हे सांगावे. पावसाळ्यात समुद्राने वाळू नेली म्हणजे किनारा बुडाला असे नाही. ती उसनवारी आहे. पावसाळ्यात नेतो, हिवाळ्या-उन्हाळ्यात परत करतो. काळजी कधी करायची? उसनी नेलेली वाळू पुरती परत येईनाशी झाली म्हणजे.

खुंटीपासून मोजा

परत येते की नाही हे कसे कळणार? मोजले तर कळेल. आम्ही मोजले.

किनाऱ्यावर एक जुना उंडीचा वृक्ष होता. त्याच्याजवळ आम्ही पक्की खुंटी ठोकली. पाणी जेथवर चढते तेथे शेवाळ, काटक्या, शिंपले यांची एक ओळ राहते. खुंटीपासून त्या ओळीपर्यंत पावले मोजायची, असे ठरले. दर अमावास्येला मोजायचे, म्हणजे दरवेळी उधाणाचेच माप मिळते. आमच्या किनाऱ्याला अमावास्येच्या दिवशी दुपारच्या सुमारास भरती असते. संध्याकाळी ओहोटीला पाणी खाली गेले की मुले मोजायला जात. बरोबर मी असे किंवा मोठे कोणी असे. भरतीच्या वेळी किंवा वादळाच्या दिवसांत मुलांना किनाऱ्यावर नेऊ नये. हे विसरू नका.

माप एकाच मुलाच्या पावलांनी घ्यायचे, नाहीतर हिशेब चुकतो. पुढे आम्ही सुंभाची दोरी घेतली आणि तिला हातागणिक गाठी मारल्या. आकडे वहीत लिहून ठेवले.

पहिल्या वर्षी वैशाखात पुळण चाळीस पावले होती. श्रावणात बावीस राहिली. मुले घाबरली. पण मार्गशीर्षात तीस झाली आणि पुढच्या वैशाखात सदतीस. मुले आनंदली. म्हणाली, "परत आली!" तेवढ्यात ज्या मुलाचे माड पडले होते तो म्हणाला, "गुरुजी, तीन पावलां खंय गेली?"

हाच खरा प्रश्न होता. पुढच्या वर्षीही दोन पावले कमीच भरली. वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते. दर महिन्याला थोडी बाकी राहिली तर वर्षाअखेरीस ती डोईजड होते. पुळणीच्या वहीतही तशीच बाकी साचत होती.

वाळूची जमा कुठून होते?

जमाखर्च मांडायचा तर आधी जमा पाहावी. वाळू येते कुठून?

बरीचशी वाळू नद्या आणतात. सह्याद्रीत पाऊस कोसळतो. पाणी डोंगर झिजवते, दगडाचे खडे करते, खड्यांची वाळू करते, आणि ती खाडीतून समुद्राला आणून देते. लाटा ती किनाऱ्यावर पसरतात. काही वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. मूठभर वाळू हातात घेऊन उन्हात नीट पाहा. काळे कण दिसतील ते दगडाचे, पांढरे चपटे दिसतील ते बहुधा शिंपल्यांचे.

नदीवर धरण बांधले की वाळूचा बराच भाग धरणातच बसतो. धरणाचे पाणी आपल्याला हवेच आहे, शेतीला आणि पिण्याला. पण खाली समुद्राकडे वाळू कमी जाते, हेही खरे. खाडीत होड्या आणि पंप लावून वाळू उपसली, तर जमा आणखी घटते. खाडीतली वाळू ही उद्याची पुळण आहे.

खर्च कोण करतो?

आता खर्च पाहू. त्यात पहिला खर्च माझ्याच नावावर आहे.

एकदा मी वर्गात सांगत होतो, की किनाऱ्यावरची वाळू बांधकामाला नेऊ नये. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, तुमच्या ओट्याला कुठली वाळू घातली?"

मंडळी, ती वाळू पुळणीवरचीच होती. घर बांधताना मी चार बैलगाड्या वाळू आणली होती. तेव्हा सगळेच आणीत. मला त्यात काही वावगे वाटले नाही. शिवाय फायदा काहीच झाला नाही. खाऱ्या वाळूमुळे भिंतीला लोणा लागला आणि गिलाव्याचे पोपडे सुटले. ते आजही माझ्या घरी येऊन पाहता येतील.

मी मुलांपुढे कबूल केले. मग त्याचेच गणित घातले. गावात साठ घरे पक्की झाली. प्रत्येकी चार गाड्या धरल्या तर किती? मुलांनी पाटीवर २४० गाड्या मांडल्या. वर्ग गप्प झाला. "आमी काय केला?" असे त्या मुलाने विचारले होते. त्याच्या प्रश्नाचा एक भाग त्या पाटीवर सुटला.

किनाऱ्याची वाळू काढण्याला कायद्यानेही बंदी आहे. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा सांभाळण्यासाठी नियम काढले. त्यांत भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आले. पुढे २०११ आणि २०१९ साली हे नियम नव्याने निघाले. पण पहारा ठेवायला सरकारी माणूस रोज येत नाही. गावानेच लक्ष ठेवावे लागते.

दुसरा खर्च झाडोरा काढल्याचा. पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरते. तिचे पान आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले असते आणि फूल जांभळे असते. तिच्याजवळ रावणाच्या मिशा नावाचे काटेरी गवत वाढते. वाऱ्याने उडणारी वाळू यांच्यात अडकते आणि तिचे उंचवटे होतात. मोठ्या वादळात समुद्र हे उंचवटे खातो आणि मागची जमीन वाचते. म्हणजे ते वाळूचे कोठार आहे. या वेलीला आपल्या जुन्या माणसांनी मर्यादवेल हे नाव उगीच दिलेले नाही. पण आपण जागा साफ दिसावी म्हणून वेल उपटतो, उंचवटे सपाट करतो आणि तेथे खोल्या बांधतो. मग समुद्र आला की ओरडतो.

तिसरा खर्च चुकीच्या बांधकामाचा. हे जरा नीट समजून घ्यावे लागेल. लाटा किनाऱ्याला नेहमी सरळ लागत नाहीत, तिरप्या लागतात. त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने एका गावाहून दुसऱ्या गावाकडे सरकत जाते. मध्येच समुद्रात लांब धक्का किंवा बांध घातला, की एका बाजूला वाळू अडते आणि पलीकडच्या गावाची वाळू तुटते. शेतात वरच्याने पाट अडवला तर खालच्याचे पीक वाळते, तसेच हे.

याचे मोठे उदाहरण चेन्नईचे आहे. त्या शहराला पूर्वी मद्रास म्हणत. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रात बांध घालून बंदर केले. त्या किनाऱ्यावर वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरीना नावाची पुळण खूप रुंद झाली. लोक ती पाहायला लांबून येतात. पण बंदराच्या उत्तरेला रोयापुरम भागात मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. तेथला किनारा झिजत गेला. एकाच बांधाने एकाला दिले आणि दुसऱ्याचे नेले.

परातीतला समुद्र

हे सारे मुलांना तोंडाने सांगून पटत नाही. म्हणून एक प्रयोग सांगतो. पैसे लागत नाहीत.

एक मोठी परात किंवा पसरट घमेले घ्या. एका बाजूला ओली वाळू थापून उतार करा. दुसऱ्या बाजूला पाणी ओता. एक लहान फळी घेऊन पाणी हळूहळू हलवा. लहान लाटा येतील. उतार थोडा हलेल, पण टिकेल. आता फळी जोराने हलवा. वाळू ढासळून पाण्याखाली जाईल. हा झाला पावसाळा.

मग वाळू पुन्हा थापा आणि पाण्याच्या कडेला सपाट दगड किंवा विटेचा तुकडा उभा रोवा. ही झाली भिंत. फळी जोराने हलवा. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते. थोड्या वेळाने दगड कलतो. मुले लगेच म्हणतील, "भिंत पडली!"

तिसऱ्या वेळी हरळीचा मुळांसकट गड्डा आणून उतारावर बसवा. लाटा पूर्वीइतक्याच जोराने द्या. हरळीखालची वाळू सर्वांत शेवटी ढासळते. हे काम मर्यादवेल कसे करते, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

मग भिंत बांधूच नये का?

असे मी म्हणत नाही. मालवण तालुक्यात देवबाग गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माणसे राहतात. समुद्र घरापाशी आला, तर ती मागे सरकणार कुठे? मागे खाडी आहे. अशा ठिकाणी लोकांनी बंधारा मागितला तर त्यांना नावे ठेवू नयेत.

पण भिंत हे औषध नव्हे, ती कुबडी आहे. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे दगडी बंधारा घातला. पावसाळी उधाणात तो जागोजागी खचत आला आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला. भिंतीने मागची घरे वाचतात, पण पुढची पुळण बहुधा जाते. पुळण गेली की रापण ओढायला जागा नाही, होडी वर घ्यायला जागा नाही, कासवीला अंडी घालायला जागा नाही. म्हणून भिंत मागण्याआधी गावाने विचारावे : आपली वाळू कुठून येते, कुठे जाते, आणि भिंतीमुळे शेजारच्या गावाचे काय होईल?

आपल्या हातात नसलेली गोष्ट

सगळा दोष गावाचा नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीची हवा तापवली आहे. त्यामुळे डोंगरांवरचा आणि ध्रुवांकडचा बर्फ वितळतो, आणि समुद्राचे पाणीही तापून फुगते. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरीने सुमारे २० सेंटीमीटर वाढली. म्हणजे जवळजवळ एक वीत. भिंतीवर वीतभर हे काहीच नाही. पण पुळणीचा उतार मंद असतो. तेथे पाणी वीतभर चढले तर कितीतरी पावले आत येते.

वादळेही आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले. त्यात श्रीवर्धन, दिवेआगर भागातली सुरूची पुष्कळ झाडे उन्मळून पडली. सुरू वारा अडवते खरी, पण एकट्या सुरूवर भिस्त ठेवून चालत नाही. खाली वेल आणि गवत हवे, मागे केवडा, उंडी हवी, आणि खाडीकाठी कांदळवन हवे.

चेन्नईला सरकारचे एक तटीय संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९९० ते २०१८ या काळातली भारताच्या किनाऱ्याची, उपग्रहांवरून घेतलेली चित्रे तपासली. शंभर भाग धरले तर सुमारे ३४ भाग झिजत होते, २७ भागांवर भर पडत होती, आणि उरलेला किनारा होता तसाच होता. म्हणजे समुद्र नुसता खात नाही, देतोही. कुठे देतो आणि कुठे नेतो, हे पाहून माणसाने घर बांधावे.

आपल्या हातात काय आहे?

आमच्या गावाने चार गोष्टी ठरवल्या. पुळणीवरची वाळू कोणी न्यायची नाही. मर्यादवेल उपटायची नाही, आणि जेथे उघडी जागा असेल तेथे तिचे तुकडे लावायचे. नवे घर माडांच्या रांगेच्या मागेच बांधायचे. आणि दर अमावास्येला मोजमाप चालू ठेवायचे.

एवढ्याने समुद्र थांबला का? नाही. कबूल करतो. पाचवा माड परवाच्या पावसाळ्यात गेला. पण वेल लावली त्या भागात वाळूचा उंचवटा गुडघाभर झाला आहे, आणि तेथली पुळण वैशाखात पुरती भरून येते. जेथे वेल नाही तेथे तूट चालूच आहे. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत. ग्रामसभेत बोलताना ती वही फार उपयोगी पडते. नुसते "समुद्र आला हो" म्हटले तर साहेब ऐकून घेतात आणि जातात. तारखेवार आकडे पुढे ठेवले तर त्यांना बसावे लागते.

ज्याने भुकेचा प्रश्न विचारला तो मुलगा आता बाप झाला आहे. रापणीवर जातो. परवा त्याची मुलगी दोरी घेऊन किनाऱ्यावर आली होती. गाठी मोजताना तिने मला विचारले, "आजोबा, दर्यो कोपता काय?"

मी म्हणालो, "नाही गं. तो हिशेब करतो. आपण आपला लिहून ठेवू."

मुलांना विचारा :

१. पावसाळ्यात पुळणीची वाळू कुठे जाते?
२. नदीवर धरण झाले तर पुळणीला काय होते?
३. मर्यादवेल वाळू कशी धरते?
४. आपल्या घराला कुठली वाळू वापरली आहे?